जुनं जपानी इंजिन घरी उघडताना: होंडा सीबी ३५० वरून शिकलेल्या गोष्टी

वर्षानुवर्षं पडून असलेली जुनी मोटरसायकल हाती आली की पहिला मोह होतो तो किक मारून बघण्याचा. तो आवरा. सिलिंडरमध्ये गंजाचा एखादा पट्टा असेल, रिंगा पिस्टनच्या खाचांमध्ये चिकटलेल्या असतील, आणि कॅमशाफ्टवर तेलाचा थेंबही उरलेला नसेल. अशा इंजिनाला जोराने फिरवलं, तर नुसत्या साफसफाईवर भागणारं काम सिलिंडर बोअर करण्यापर्यंत, म्हणजे आतून कापून मोठा करण्यापर्यंत जातं. किकचे दात तुटले तर ते वेगळंच.

मी होंडा सीबी ३५० चं इंजिन घरी पूर्ण उघडलं आणि पुन्हा जुळवलं. १९६८ ते १९७३ या काळातलं हे मॉडेल. दोन सिलिंडर, वर एकच कॅमशाफ्ट, ६४ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५०.६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), म्हणजे ३२५ सीसी. कंपनीने सांगितलेली ताकद ३६ अश्वशक्ती, तीही १०,५०० आरपीएमला. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात मिलिमीटरच्या शंभराव्या भागालाही किंमत असते. खालची उदाहरणं याच इंजिनाची आहेत, पण त्या काळातल्या बहुतेक जपानी फोर-स्ट्रोक इंजिनांना हाच क्रम लागू पडतो.

माझ्या हातून जे काही नुकसान झालं, ते जवळजवळ सगळं उघडताना झालं, जोडताना नाही. म्हणून उघडणं आणि मोजणं या दोन गोष्टींवर मी इथे जास्त लिहिलं आहे.

१. आधी कागद आणि क्रमांक

पान्याला हात लावण्यापूर्वी हे जवळ असू द्या:

- तुमच्या मॉडेलचं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल. सर्वसाधारण दुरुस्तीचं पुस्तक त्याच्या जागी चालत नाही.
- पार्ट्स लिस्ट, म्हणजे प्रत्येक भाग सुटा करून दाखवणाऱ्या आकृत्यांचं पुस्तक. जोडताना मी मॅन्युअलपेक्षा हेच जास्त वेळा उघडलं.
- इंजिन क्रमांकाचा स्पष्ट फोटो आणि गाडीच्या मालकीचे कागद. दोन्हींवरचा क्रमांक जुळतो का, ते गाडी घेण्याआधीच बघा. क्रमांकाच्या जागेवर ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर कधीच फिरवू नका. क्रँककेस बदलावा लागला तर क्रमांकही बदलतो आणि त्याची रीतसर नोंद करावी लागते.

होंडाच्या पार्ट नंबरची रचना एकदा समजून घेतली की खरेदी पुष्कळ सोपी होते. पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात: १२२५१ म्हणजे हेड गॅस्केट, १३१०१ म्हणजे पिस्टन, मग गाडी कुठलीही असो. मधले तीन आकडे त्या भागाचा मूळ मॉडेल-कोड असतात. त्यामुळे एखादा भाग दुसऱ्या मॉडेलच्या नावाखाली विकायला असला, तरी क्रमांकावरून तो ओळखता येतो.

२. हत्यारं

सर्वात महत्त्वाचं हत्यार सर्वात स्वस्त आहे, आणि नेमकं तेच बहुतेकांकडे नसतं: जेआयएस स्क्रू-ड्रायव्हर. जपानी गाड्यांवरचे चौफुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले, तरी ते जपानच्या स्वतःच्या मानकाचे असतात आणि त्यांच्या खाचेचा आकार थोडा वेगळा असतो. डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो स्क्रू जेआयएस आहे असं समजा. त्यात फिलिप्स घातला की तो तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. क्लच कव्हरचे दोन स्क्रू मी असेच घालवले. जुन्या जपानी गाड्यांवरचे स्क्रू मऊ असतात असा समज पसरलाय, तो बराचसा चुकीच्या स्क्रू-ड्रायव्हरमुळेच.

त्याशिवाय लागतील: हातोडा मारून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (जेआयएस बिटसकट), कमी टॉर्कवर अचूक चालणारा टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजणारं), सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर, व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प, ऑल्टरनेटरचा रोटर काढायचा पुलर आणि रबरी हातोडा. बोअर गेज विकत घ्यायची गरज नाही, मोजण्यापुरता उसना आणला तरी चालतो. पुलर मात्र तुमच्याच मॉडेलच्या आट्यांचा हवा. रोटर पाठीमागून पहार घालून उचकटला की क्रँकच्या टोकाची वाट लागते.

३. जाम इंजिन सोडवणं

स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून गंज सोडवणारं तेल ओता, किंवा ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड निम्मं-निम्मं मिसळून ओता. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून हे काम उघड्यावर करा. मग थांबा. एक दिवस नाही, आठवडाभर. रोज थोडं तेल घालत राहा.

त्यानंतर डावीकडचं कव्हर काढून रोटरच्या बोल्टवर पाना लावा आणि केसभर पुढे, केसभर मागे असा हलवत राहा. डावीकडून बघताना हे इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. म्हणून त्या दिशेला जोर देताना इंजिनाऐवजी बोल्टच सैल होतोय का, याकडे लक्ष ठेवा. लांब पाइप लावून ताकद वाढवू नका. दोन आठवड्यांतही हललं नाही तर हेड काढा, म्हणजे कुठला पिस्टन धरलाय ते दिसेल. पिस्टनच्या डोक्यावर लाकूड ठेवून हलके ठोके देता येतात. लोखंडी हातोडा थेट पिस्टनवर मारला तर पिस्टनला भेग जाते, शिवाय त्याचा मार कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोचतो.

४. उघडणं

हे काम सावकाश करा, प्रत्येक पायरीचे फोटो काढत. फोटो जवळूनही हवा आणि लांबूनही, म्हणजे वायर कुठून गेली होती ते कळतं.

स्क्रूंसाठी एक साधी युक्ती आहे. पुठ्ठ्यावर कव्हरची बाह्यरेषा काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी भोक पाडून खोवा. एकाच कव्हरला दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, आणि पुढे पिळला की ॲल्युमिनियम फोडतो. आखूड स्क्रू लांब जागी गेला तर दोन-तीनच आटे धरतो आणि तेवढेही घेऊन बाहेर येतो.

डोकं खाल्लेला स्क्रू असा काढायचा: स्क्रूच्या दांड्याइतक्या जाडीच्या ड्रिलने त्याचं डोकंच उडवायचं. कव्हर निघालं की ताण जातो, आणि उरलेला दांडा पकडीत धरून बहुधा सहज फिरतो. माझे दोन्ही स्क्रू असेच निघाले. बोल्ट केसमध्ये खोल तुटला असेल तर आधी आजूबाजूचं ॲल्युमिनियम तापवा. ते लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि पकड सुटते. तेवढ्यानेही भागलं नाही आणि आटे गेलेच, तर तारेच्या गुंडाळीसारखा थ्रेड इन्सर्ट बसवावा. नीट बसवलेला इन्सर्ट मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतो, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही.

हेड आणि सिलिंडर काढताना टायमिंग चेनला तार बांधून ठेवा, नाहीतर ती खाली क्रँककेसमध्ये जाऊन पडते. पिस्टनचे सर्क्लिप काढण्याआधी क्रँककेसचं तोंड स्वच्छ कापडाने बंद करा. सर्क्लिप उडतो, आणि आत पडला तर इंजिन पुढे उघडायचं नसलं तरी उघडावंच लागतं.

क्रँककेसचे दोन भाग करताना सर्वात जास्त नुकसान होतं. सीबी ३५० मध्ये केस आडवा दुभंगतो: इंजिन उलटं ठेवायचं आणि खालचा भाग वर उचलायचा. पण काही बोल्ट वरून असतात, काही खालून. केस सुटत नसेल तर एखादा बोल्ट राहिलाय असं धरून चाला, आणि पार्ट्स लिस्टमधल्या आकड्याशी काढलेले बोल्ट मोजून ताडा. तरीही नाही सुटला तर रबरी हातोड्याने कडेकडेने ठोका. दोन भागांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथे गॅस्केट नसतं, दोन घासलेले पृष्ठभाग फक्त सीलंटवर बसतात, आणि एका खरवडीतून आयुष्यभर तेल झिरपतं.

उघडताना इंजिन काय सांगतंय तेही टिपून ठेवा. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. उजवीकडच्या कव्हरखाली एक फिरती वाटी असते. तेलातला कचरा केंद्रोत्सारी बलाने तिच्या भिंतीला जाऊन चिकटतो. माझ्या इंजिनात तो थर वाळलेल्या चिकणमातीसारखा घट्ट झाला होता. नुसती राखाडी मळी असेल तर काळजी नाही. त्यात चमकणारे कण असतील तर चुंबक फिरवा: चिकटले तर लोखंडी, म्हणजे बेअरिंग, गिअर किंवा चेन, नाही चिकटले तर पिस्टन किंवा कॅमशाफ्ट बसतो त्या ॲल्युमिनियमच्या जागा. वाटीमागचा खाचांचा नट छिन्नीने ठोकून काढू नका, त्याचा खास सॉकेट मिळतो.

५. साफसफाई

रॉकेल आणि ब्रश यावर बहुतेक काम होतं. पेट्रोल वापरू नका. बंद खोलीत त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते. क्लोरीन असलेल्या ब्रेक-क्लीनरने धुतलेला भाग पूर्ण कोरडा झाल्याशिवाय तापवू किंवा वेल्ड करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

त्या काळातल्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. म्हणून जुनं गॅस्केट कोरडं खरवडायचं नाही आणि त्यावर वायर-व्हील फिरवायचं नाही. ओलं करून, मास्क लावून, ब्लेड आडवं धरून काढा आणि तो लगदा पिशवीत बंद करा.

एका गोष्टीवर मी ठाम आहे: इंजिनाच्या आतल्या भागांना काचमण्यांचं ब्लास्टिंग करू नये. बाहेरून केस सुंदर दिसतो, पण ते मणी तेलाच्या वाटांमध्ये आणि आट्यांमध्ये अडकतात. धुतल्यावर सगळे गेले असं वाटतं. इंजिन तापल्यावर, तेल वाहू लागल्यावर ते सुटतात आणि बेअरिंगमध्ये जातात. बाहेरून झळाळी हवीच असेल तर पाण्याबरोबर केलेलं व्हेपर ब्लास्टिंग त्यातल्या त्यात बरं. पण त्यानंतरही तेलाची प्रत्येक वाट साबणाच्या पाण्याने, ब्रशने आणि हवेच्या दाबाने दोन-दोनदा साफ करा.

६. मोजा, मग विकत घ्या

नवखा माणूस आधी गॅस्केट सेट, पिस्टन आणि रिंगा मागवतो, नंतर मोजतो. क्रम उलटा ठेवा.

सिलिंडर तीन उंचींवर मोजा: वर, मध्ये, खाली. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, एकदा पिस्टन-पिनच्या रेषेत आणि एकदा तिला काटकोनात. सर्वात जास्त झीज साधारणपणे वरची रिंग जिथे थांबते तिथे असते. पिस्टन त्याच्या स्कर्टवर, म्हणजे रिंगांखालच्या भागावर, पिनला काटकोनात मोजायचा. दोहोंतला फरक मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर बोअरिंगची गरज नाही. हलकं होनिंग करून, म्हणजे आतली भिंत बारीक दगडाने घासून, नव्या रिंगा घाला. होनिंगच्या रेषा एकमेकींना तिरक्या छेदताना दिसल्या पाहिजेत, म्हणजे त्यात तेल टिकतं.

मर्यादा ओलांडली असेल तर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी. इथे माझी एक चूक झाली. पिस्टन यायला वेळ होता म्हणून मी सिलिंडर आधीच ०.५० च्या मापाने बोअर करून घेतला. पिस्टन आले तेव्हा त्यांचं खरं माप थोडं कमी निघालं, फट जास्त झाली आणि मला पुढच्या साइजवर जावं लागलं. आधी पिस्टन हातात घ्या, ते मोजा, आणि मॅन्युअलमधली फट कागदावर लिहून पिस्टनसकट सिलिंडर बोअरिंगवाल्याकडे द्या.

रिंगची फट बघायला रिंग सिलिंडरमध्ये घाला आणि उलट्या पिस्टनने थोडी खाली ढकला, म्हणजे ती सरळ बसते. मग फिलर गेज. ढोबळ मानाने बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी फट लागते; ६४ मिमीला साधारण पाव मिलिमीटर. फट कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकं भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो.

क्रँकशाफ्ट या इंजिनात दाबून जोडलेला आहे आणि रोलर बेअरिंगवर फिरतो. रॉड हातात धरून वर-खाली ओढा. तिथे अजिबात ढिलाई जाणवता कामा नये. बाजूला थोडा हलला तर हरकत नाही. बेअरिंग खराब असेल तर ते घरचं काम नाही. क्रँक दाबून सुटा करणं आणि पुन्हा सरळ जुळवणं याला प्रेस आणि अनुभव लागतो. सीबी ७५० सारख्या इंजिनात मात्र एकसंध क्रँक आणि बदलता येणारे बेअरिंग शेल असतात, तिथे हा हिशोब वेगळा.

खरेदीबद्दल एक सल्ला. कंपनीच्या जुन्या साठ्यातले धातूचे भाग मिळाले तर जरूर घ्या, दर्जा उत्तम असतो. रबर मात्र त्या साठ्यातलं घेऊ नका. ऑइल सील पाकिटात पडूनही कडक होतात. सगळे सील आणि ओ-रिंग हल्लीच्या बनावटीचे घ्या.

(यामाहा आरडी ३५० सारखं टू-स्ट्रोक इंजिन असेल तर क्रँकचे सील हा जिवाचा प्रश्न आहे. सील गळला तर हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन वितळतो. जोडून झाल्यावर सगळी तोंडं बंद करून ६ पीएसआय दाब द्या. तो ६ मिनिटं टिकला पाहिजे.)

७. हेड आणि व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह काढल्यावर ज्याचा त्याला, स्प्रिंग आणि कॅपसकट, वेगळ्या पाकिटात ठेवा. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून बघा. डुगडुगत असेल तर गाइड बदलायला द्यावा लागेल. नाहीतर बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासा, राखाडी रंगाचा अखंड एकसारखा पट्टा दिसेपर्यंत. मग पेस्टचा कणही राहू न देता धुवा. स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओता. दहा मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेने ते पाझरलं नाही तर काम झालं.

कॅमशाफ्ट इथे वेगळ्या बेअरिंगवर नाही, थेट ॲल्युमिनियममध्ये फिरतो. तिथे खोल चरे असतील तर ते भाग बदला, घासून गुळगुळीत करायला जाऊ नका.

८. जोडणी

जोडताना प्रत्येक घासणाऱ्या पृष्ठभागावर असेंब्ली ल्युब किंवा तेल. रिंगेवर अक्षर कोरलेलं असतं, ते वरच्या बाजूला. रिंगांच्या फटी १२० अंशांवर फिरवून ठेवा. सर्क्लिप नवेच, आणि त्यांचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका.

सीलंट अगदी पातळ लावा. जास्तीचा सीलंट आतही पिळून निघतो, आणि तिथून तेलाच्या वाटेत जातो. अनेक जुन्या होंडांमध्ये तेल हेडपर्यंत स्टडभोवतीच्या अरुंद जागेतूनच चढतं. तिथली छोटी ओ-रिंग विसरली किंवा वाट बुजली, तर वरचा कॅमशाफ्ट काही मिनिटांत कोरडा पडतो. हेड बसवण्याआधी ती ओ-रिंग बोटाने चाचपून खात्री करा.

हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने, तिरपे तिरपे, तीन टप्प्यांत घट्ट करा. छोट्या ६ मिमी बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. आटे जातात ते बहुतेक याच बोल्टचे, हाताच्या अंदाजावर विसंबल्यामुळे.

कॅम टायमिंगसाठी रोटरवरची एलटी खूण केसवरच्या रेषेसमोर आणा. डावा पिस्टन वर आला. मग मॅन्युअलप्रमाणे कॅम स्प्रॉकेटची खूण जुळवा. त्याच रोटरवर एलएफ ही खूणही असते, ती ठिणगीची, आणि घाईत या दोहोंची गल्लत होते. जुळवून झाल्यावर प्लग न लावता इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठेही अडलं तर जोर न देता थांबा. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतोय. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर: इनलेट ०.०५, एक्झॉस्ट ०.१० मिमी.

९. पहिल्यांदा चालू करणं

कार्ब्युरेटर स्वच्छ हवेत. पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं बारीक भोक) बहुधा तुंबलेलं असतं. त्यात पोलादी तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर फवारण्याआधी रबरी डायफ्रॅम काढून ठेवा. पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्काची) फट ०.३ ते ०.४ मिमी. टायमिंग चाचणी-दिव्याने बघा: एलएफ खूण रेषेवर येताक्षणी दिवा लागला पाहिजे.

तेल २ लिटर, १० डब्ल्यू ४०, आणि डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं. क्लच याच तेलात बुडालेला असतो. कारसाठीच्या निसरड्या तेलाने तो घसरतो. वर कॅमशाफ्टवर थोडं तेल हाताने ओता, मग प्लग काढून इंजिन फिरवत राहा, हेडमध्ये तेल पोचल्याचं डोळ्यांनी दिसेपर्यंत. त्याआधी प्लग लावू नका.

सुरू झाल्यावर आवाज असमान वाटेल, दोन ठोके जवळ आणि मग मोठा खंड. एक सिलिंडर चुकतोय असं समजून मी पॉइंट पुन्हा उघडले होते. पण या इंजिनाचा क्रँक १८० अंशांचा आहे. एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो, आणि त्याचा ठोका असाच पडतो. खात्री करायची असेल तर दोन्ही एक्झॉस्ट पाइपांवर पाण्याचा थेंब टाका. दोन्हींवर तो सारखाच उडून गेला पाहिजे.

१०. पहिले काही शे किलोमीटर

नव्या रिंगा सिलिंडरला बसायला इंजिनावर भार यावा लागतो. म्हणून उभ्या उभ्या तासभर चालू ठेवू नका. चालवा, वेग बदलता ठेवा, थ्रॉटल मध्यम उघडा आणि मग पूर्ण सोडा. साध्या मिनरल तेलावर हे काम चांगलं होतं. पहिलं तेल शंभरेक किलोमीटरवरच बदला. ते चमकदार दिसेल, कारण नवे भाग एकमेकांना घासून बसत असतात. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, हेडचे नट मॅन्युअलमधल्या आकड्यावर पुन्हा तपासा, आणि त्यानंतरच व्हॉल्व्हची फट बघा. नट आवळले की ती फट बदलते, म्हणून हा क्रम उलटा करू नका. तेल बदलताना ती फिरती वाटीही उघडा. यावेळी तिच्यात काय साठलंय ते बोटावर घेऊन उजेडात बघा आणि पुन्हा एकदा चुंबक फिरवा.